रेफरन्स बुकवरून जँगो शिकताय? मग सुरुवात अशी करा

जँगो, म्हणजे पायथन भाषेत वेबसाइट बनवायची तयार चौकट (फ्रेमवर्क), शिकायचं ठरवलं तेव्हा मी एक जाडजूड रेफरन्स बुक घेतलं आणि कादंबरी वाचावी तसं पहिल्या पानापासून वाचत सुटलो. दोनेक महिन्यांत दीडशे-दोनशे पानं झाली, जागोजागी पेन्सिलीच्या खुणा झाल्या, पण कोरं फोल्डर उघडून एक साधं पान उभं कर असं कुणी म्हटलं असतं तर हात चालला नसता. मग पद्धत बदलली आणि त्याच पुस्तकातून भराभर कळायला लागलं. रेफरन्स बुककडे प्रश्न घेऊन जावं लागतं, आणि प्रश्न पडायचे तर हाताशी स्वतःचं काहीतरी अर्धवट बनलेलं असावं लागतं, एवढीच ती गोष्ट आहे. पण ती अमलात कशी आणायची हे मला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

कमांड्स आणि नावं मी इथे उच्चारतो तशी लिहिली आहेत, नेमकं स्पेलिंग तुमच्या पुस्तकात मिळेलच. आणि नावातला डी सायलेंट आहे, जँगो राइनहार्ट नावाच्या गिटारवादकावरून हे नाव ठेवलंय.

१. पुस्तक कोणत्या व्हर्जनचं आहे ते सगळ्यात आधी बघा

ही पायरी सोडली की पुढचे आठवडे वाया जातात, म्हणून यावर जरा जास्त बोलतो. जँगो २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं आणि तेव्हापासून बदलतंच आहे. साधारण दर आठ महिन्यांनी नवीन व्हर्जन येतं. त्यातली ज्यांच्या शेवटी पॉइंट दोन असतं ती, म्हणजे २.२, ३.२, ४.२, ५.२, ही जास्त काळ सांभाळली जातात, जवळपास तीन वर्षं त्यांना सिक्युरिटीच्या दुरुस्त्या मिळतात. पुस्तक यापैकी एखाद्या व्हर्जनवर बेतलेलं असेल तर उत्तम.

व्हर्जन मुखपृष्ठावर किंवा प्रस्तावनेत लिहिलेलं असतं. नसलं तरी कोड बघून अंदाज येतो:

- यूआरएल लिहिताना सगळीकडे रेग्युलर एक्स्प्रेशनची (मजकुराचा नमुना लिहायच्या पद्धतीची) चिन्हं दिसतायत आणि पाथ हे फंक्शन कुठेच नाही, तर पुस्तक २.० च्या आधीचं आहे. पाथ २.० मध्ये आलं, म्हणजे डिसेंबर २०१७ मध्ये, आणि जुनं यूआरएल फंक्शन ४.० मध्ये काढूनच टाकलं.
- फॉरेन की (एका टेबलमधून दुसऱ्या टेबलमधल्या नोंदीकडे बोट दाखवणारं फील्ड) लिहिताना ऑन-डिलीट (ती नोंद डिलीट झाली तर काय करायचं ते) दिलेलं नाही, तरी तेच. २.० पासून ते द्यावंच लागतं, नाहीतर एरर.
- सेटिंग्जच्या फाइलमध्ये फोल्डरचे पत्ते ओएस डॉट पाथ डॉट जॉइन वापरून जोडलेत, तर ३.१ च्या आधीचं. त्यानंतर नुसता स्लॅश देऊन जोडतात.
- लॉगआउटसाठी साधी लिंक दिली आहे, तर ५.० च्या आधीचं.

या शेवटच्या मुद्द्याने मला अख्खी संध्याकाळ रडवलं. पुस्तक ४ च्या काळातलं आणि मशीनवर मी सरळ सगळ्यात नवीन जँगो टाकलेलं. लॉगिन व्यवस्थित चाललं, लॉगआउटच्या लिंकवर क्लिक केलं की कोरं पान आणि ४०५ चा आकडा. मी टायपो शोधत बसलो, पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं, सगळं जसंच्या तसं. कारण एवढंच होतं की लॉगआउट आता पोस्ट रिक्वेस्टनेच (फॉर्म पाठवताना जाते तशी) होतो. ४.१ मध्ये तशी सूचना दिली होती आणि ५.० पासून साधी लिंक बंद झाली. लिंकच्या जागी छोटा फॉर्म, त्यात सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच साइटवरून आलाय हे पटवणारा गुप्त कोड) आणि एक बटण, इतकंच करायचं होतं. मी मात्र संध्याकाळभर स्वतःलाच दोष देत होतो, आणि नवशिक्याचं सगळ्यात मोठं नुकसान होतं ते इथेच, कारण चूक कुणाची हे ओळखण्याइतका अनुभवच नसतो.

म्हणून शिकताना पुस्तकात जे व्हर्जन आहे तेच इन्स्टॉल करा. पिपला (पायथनची पॅकेजं इन्स्टॉल करणाऱ्या कमांडला) व्हर्जनचा आकडा देता येतो, दोन बरोबरच्या चिन्हांनी. जुनं वापरतोय म्हणून कमीपणा वाटून घेऊ नका, हे फक्त सरावापुरतं आहे. पायथनचं व्हर्जनही जुळायला हवं: जँगो ४.२ ला पायथन ३.८ ते ३.१२ चालतं, ५.२ ला किमान ३.१० लागतं. खूप जुनं जँगो नव्या पायथनवर टाकलं तर ते सुरूच होत नाही, कारण डिस्टयूटिल्स नावाच्या ज्या जुन्या मॉड्यूलवर ते विसंबून होतं ते पायथन ३.१२ मधून गेलंय. आणि पुस्तक जँगो १ च्या काळातलं असेल तर माझं स्पष्ट मत आहे, त्यावरून शिकू नका, फुकट मिळालं असलं तरी.

२. काय काय लागेल

- पुस्तक. छापील असेल तर बरं, दोन पानांमध्ये बोट ठेवून मागेपुढे करता येतं.
- पायथन, पुस्तकाशी जुळणाऱ्या व्हर्जनचं.
- व्हेन्व, म्हणजे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, प्रत्येक प्रोजेक्टची पॅकेजं वेगळी ठेवायची सोय. पायथनसोबतच येतं, वेगळं काही घ्यायचं नाही.
- कुठलाही कोड एडिटर आणि टर्मिनल.
- गिट, म्हणजे कोडमधले बदल टप्प्याटप्प्याने जपून ठेवणारं टूल. ॲड, कमिट, डिफ आणि रिस्टोअर एवढं आलं तरी भागतं.
- एक वही. पाचव्या पायरीत कळेल का ते.

डेटाबेससाठी सुरुवातीला काहीच टाकू नका, एसक्यूलाइट तयारच असतं. कित्येक पुस्तकं दुसऱ्याच धड्यात पोस्टग्रेस टाकायला लावतात, तो भाग खुशाल पुढे ढकला.

आणि पायथन स्वतः. फंक्शन, लिस्ट, डिक्शनरी, क्लास, इनहेरिटन्स आणि इम्पोर्ट एवढं तरी यायलाच हवं. क्लास म्हणजे काय हे नीट माहीत नसताना जँगोचं पुस्तक उघडलं तर मॉडेल आणि व्ह्यू दोन्ही जादूटोण्यासारखे वाटतात, मग माणूस कोड समजून घ्यायचं सोडून पाठ करायला लागतो. तसं असेल तर आधी पंधरा दिवस नुसत्या पायथनला द्या.

३. पुस्तकाची वाटणी करा

अनुक्रमणिका घ्या आणि प्रत्येक धड्यासमोर पेन्सिलीने एक, दोन किंवा तीन लिहा. एक म्हणजे ओळीने, हात चालवत वाचायचा: प्रोजेक्ट आणि ॲप तयार करणं, यूआरएल, व्ह्यू, टेम्प्लेट, मॉडेल, मायग्रेशन (मॉडेलमधला बदल डेटाबेसमध्ये नेणं), ॲडमिन, फॉर्म. दोन म्हणजे एकदा चाळून ठेवायचा, आत काय आहे एवढंच लक्षात ठेवायचं: लॉगिन-परवानग्या, क्लासवर आधारित व्ह्यू, टेस्ट, मिडलवेअर. तीन म्हणजे गरज पडल्याशिवाय हात लावायचा नाही: सिग्नल, कॅशिंग, असिंक, एपीआय, अनेक भाषांचा सपोर्ट.

पुस्तकाच्या शेवटी जी शब्दसूची असते ना, तिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. पहिल्या आठवड्यानंतर तुम्ही पुस्तक पुढून कमी आणि मागून जास्त उघडायला लागलात की समजा गाडी रुळावर आली.

४. एका रिक्वेस्टचा प्रवास कागदावर काढा

कोड लिहिण्याआधी हे करा, आणि पुस्तकात आकृती असली तरी स्वतःच्या हाताने काढा. ब्राउझरने पत्ता मागितला. रिक्वेस्ट आधी मिडलवेअरच्या, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्ट तपासणाऱ्या, थरांतून गेली. मग जँगोने सेटिंग्जमधून मुख्य यूआरएलची फाइल कोणती ते पाहिलं, तिथली यादी वरून खाली वाचत गेलं, पहिली जुळणारी ओळ सापडली की तिथेच थांबलं. त्या ओळीत ज्या व्ह्यूचं नाव आहे तो चालला, त्याने मॉडेलमार्फत डेटाबेसमधून माहिती आणली, ती टेम्प्लेटमध्ये भरली, एचटीएमएल तयार झालं आणि त्याच थरांतून उलटं परत गेलं.

"पहिली जुळणारी ओळ" हे शब्द अधोरेखित करा. "नवीन" हे पान उघडायला गेलं की भलतंच पान का उघडतं, याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं की वरच्या एखाद्या ओळीत कुठलाही शब्द चालेल असं लिहिलेलं असतं आणि "नवीन" तिथेच अडकतं.

दुसऱ्या कुठल्या फ्रेमवर्कवरून येत असाल तर नावांचा एक घोळ आधीच सांगून ठेवतो. एमव्हीसीमध्ये (मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर या रचनेत) ज्याला कंट्रोलर म्हणतात त्याचं काम इथे व्ह्यू करतो, आणि तिकडे ज्याला व्ह्यू म्हणतात ते इथे टेम्प्लेट. हे डोक्यात पक्कं बसेपर्यंत पुस्तकातली अर्धी वाक्यं उलटी वाटतात.

५. हाताने टाइप करा आणि मग मुद्दाम मोडा

कॉपी-पेस्ट करू नका, हे सगळेच सांगतात. त्यापुढचं मी सांगतो: उदाहरण एकदा चाललं की कमिट करा आणि मग ते मोडा. एका वेळी एकच गोष्ट. काय एरर आली ती वहीत लिहा, शेजारी कारण लिहा, मग रिस्टोअर करा.

समजा इन्स्टॉल्ड ॲप्सच्या यादीत स्टॅटिकफाइल्सच्या ओळीनंतरचा स्वल्पविराम काढला, आणि त्याखाली तुमचं उधारी नावाचं ॲप आहे. सर्व्हर सुरू केला की एरर येते, मॉड्यूल सापडत नाही, आणि नाव दाखवतं स्टॅटिकफाइल्सउधारी, सलग. पायथनमध्ये शेजारशेजारच्या दोन स्ट्रिंग आपोआप जोडल्या जातात म्हणून हे होतं. हे एकदा मुद्दाम घडवून पाहिलेलं असलं की खरोखर कधी घडेल तेव्हा दोन सेकंदांत ओळखाल.

अजून काही मोडून बघायच्या गोष्टी: टेम्प्लेटच्या फाइलचं नाव बदला, फॉर्ममधला सीएसआरएफ टोकन काढा, मॉडेलमध्ये नवीन फील्ड टाका पण मायग्रेशन चालवू नका, व्ह्यूमधला रिटर्न गाळा. प्रत्येकाचा एरर वेगळा दिसतो आणि पुढची कित्येक वर्षं हेच चार-पाच एरर पुन्हा पुन्हा भेटणार आहेत.

ट्रेसबॅक, म्हणजे एररसोबत येणारी ओळींची यादी, खालून वाचायचा. शेवटच्या ओळीत काय बिघडलं ते असतं, तिथून वर सरकत स्वतःच्या फाइलचं नाव सापडेपर्यंत जायचं, मधल्या जँगोच्या आतल्या ओळींना घाबरायचं नाही. टेम्प्लेट सापडलं नाही तर ते एररचं पान नीट खालपर्यंत बघा, कुठल्या कुठल्या फोल्डरमध्ये शोधलं त्याचे पूर्ण पत्ते दिलेले असतात. तुमची फाइल ठेवलीय तो पत्ता त्यात आहे का, एवढंच ताडायचं.

६. पुस्तकातल्या प्रोजेक्टशेजारी स्वतःचा छोटा प्रोजेक्ट चालवा

माझ्या मते शिकणं खऱ्या अर्थाने इथे सुरू होतं. पुस्तकातला प्रोजेक्ट लेखकाने आधीच सोडवलेला असतो, त्यात तुम्हाला काहीच ठरवावं लागत नाही. म्हणून प्रत्येक धडा झाला की तेच तंत्र स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये वापरायचं. विषय छोटा आणि ओळखीचा घ्या. मी घेतला होता पुस्तकांच्या उधारीची नोंद: कुठलं पुस्तक, कुठल्या मित्राकडे, कधी दिलं, परत आलं का. तीन मॉडेल, बास.

एवढ्याशा गोष्टीतही असे प्रश्न निघाले की पुस्तक नव्याने वाचावं लागलं. पुस्तकातल्या सगळ्या उदाहरणांमध्ये ऑन-डिलीटला कॅस्केड दिलेलं होतं, म्हणून मीही तेच दिलं. एके दिवशी ॲडमिनमधून एका मित्राचं नाव डिलीट केलं. ॲडमिनने आधी यादी दाखवली होती, सोबत काय काय जाणार त्याची, मी न वाचता पुढे गेलो, आणि त्याच्या नावावरच्या सगळ्या नोंदी गेल्या. तेव्हा शब्दसूचीतून ऑन-डिलीट काढून त्याचे बाकीचे पर्याय वाचले. प्रोटेक्ट दिलं तर नोंदी असेपर्यंत मित्र डिलीटच होत नाही. सेट-नल दिलं तर नोंद राहते, मित्राची जागा रिकामी होते, पण मग त्या फील्डला नल चालेल असं सांगावं लागतं. हे परिच्छेद मी आधी वाचले होते, खुणाही केलेल्या होत्या, पण नोंदी गेल्यावर जे वाचलं ते आजही लक्षात आहे.

ॲडमिनला कमी लेखू नका. जँगो जन्माला आलं अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वर्तमानपत्राच्या वेब टीममध्ये, २००३ च्या सुमारास. एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी ते सुरू केलं. बातमीच्या डेडलाइनवर काम करायचं आणि मजकूर भरणारी माणसं पत्रकार, प्रोग्रामर नव्हेत, म्हणून तयार ॲडमिन पॅनेल त्यांच्या दृष्टीने गरजेचंच होतं. तुम्हालाही फॉर्मचा धडा येईपर्यंत माहिती भरायला तेच पुरतं.

७. मायग्रेशनच्या बाबतीत घाई नको

मेकमायग्रेशन्स आणि मायग्रेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कमांड मॉडेलमधला बदल बघून एक फाइल लिहिते, दुसरी ती फाइल डेटाबेसवर लागू करते. दोन्हींच्या मध्ये ती फाइल उघडून वाचायची सवय लावा, आणि एसक्यूएल-मायग्रेट ही कमांड दिली तर डेटाबेसवर नेमकं काय चालणार तेही दिसतं.

काही अडलं की मायग्रेशनच्या फाइली उडवून टाकायचा मोह होतो. सरावाच्या प्रोजेक्टमध्ये ते खपून जातं आणि त्यामुळेच वाईट सवय लागते. फाइली गिटमध्ये ठेवा, टेबल हाताने बदलू नका. आधीच नोंदी असलेल्या मॉडेलमध्ये नवीन सक्तीचं फील्ड टाकलं की जँगो डिफॉल्ट विचारतं, तिथे काहीतरी ठोकून पुढे जाऊ नका, जुन्या नोंदींना कोणती व्हॅल्यू लागू पडते याचा विचार करा.

एक गोष्ट पहिल्या मायग्रेटच्या आधीच करायची असते आणि बरीच पुस्तकं ती फार उशिरा सांगतात: स्वतःचं यूजर मॉडेल. आत्ता त्यात एकही जास्तीचं फील्ड नसलं तरी चालेल, पण स्वतःचं बनवून सेटिंग्जमध्ये ऑथ यूजर मॉडेल म्हणून नोंदवा. नव्या प्रोजेक्टसाठी अधिकृत डॉक्युमेंटेशनही हेच सुचवतं. डेटाबेस भरल्यावर हा बदल करायचा म्हणजे फार कटकट.

८. शेलमध्ये बसून क्वेरी लिहा

मॉडेलचा धडा झाला की दोन-तीन दिवस नुसतं शेलमध्ये (टर्मिनलमध्ये एकेक ओळ चालवून बघता येते तिथे) घालवा. फिल्टर लिहा, एक्सक्लूड लिहा, क्वेरीसेटच्या क्वेरी या गुणधर्मातून आतलं एसक्यूएल प्रिंट करून बघा. क्वेरीसेट लिहिला म्हणून लगेच डेटाबेसकडे काही जात नाही, तुम्ही त्यातली माहिती खरोखर मागता तेव्हाच क्वेरी चालते, हे प्रिंट करून पाहिल्याशिवाय पटत नाही.

यातूनच एक नेहमीचा सापळा निघतो. उधारीच्या ५० नोंदींची यादी दाखवायची आहे, प्रत्येक ओळीत पुस्तकाचं नाव आणि मित्राचं नाव. साधा कोड लिहिलात तर नोंदींची एक क्वेरी, मग प्रत्येक ओळीला पुस्तकाची एक आणि मित्राची एक, म्हणजे एकूण १०१. सिलेक्ट-रिलेटेड लावलं की जॉइन होऊन एकच. उलट्या दिशेने जायचं असेल, म्हणजे एका मित्राच्या अनेक नोंदी, तर प्रीफेच-रिलेटेड, ते वेगळी क्वेरी करून जोडून देतं. सरावाच्या चार-पाच नोंदींवर हा फरक जाणवतच नाही, म्हणून मुद्दाम शे-दोनशे नोंदी भरून बघा.

९. अडलात तर या क्रमाने जा

आधी ट्रेसबॅकची शेवटची ओळ. मग पुस्तकाची शब्दसूची. मग अधिकृत डॉक्युमेंटेशन, पण तिथे तुमचंच व्हर्जन निवडून, नाहीतर पुन्हा पहिल्या पायरीचाच घोळ. पुस्तकातला कोड अक्षरशः बरोबर असूनही चालत नसेल तर रिलीज नोट्स उघडा आणि त्यातले मागच्या व्हर्जनशी न जुळणारे बदल आणि काढून टाकलेल्या गोष्टी हे भाग वाचा. माझ्या लॉगआउटचं उत्तर तिथे सरळ लिहिलेलं होतं. कुणाला विचारायचं झालं तर जँगोचं व्हर्जन, पायथनचं व्हर्जन आणि पूर्ण ट्रेसबॅक द्या, नुसतं "चालत नाही" म्हटलं की समोरचाही हतबल होतो.

१०. सर्व्हरवर टाकण्याआधी

रनसर्व्हर फक्त स्वतःच्या मशीनपुरता आहे, लोकांसाठी तो वापरायचा नाही. डीबग फॉल्स करा, अलाउड होस्ट्स भरा, सीक्रेट की गिटमध्ये जाऊ देऊ नका. डीबग बंद केल्याबरोबर सगळं सीएसएस गायब होतं आणि नवीन माणूस घाबरून पुन्हा डीबग चालू करतो, तसं करू नका. स्टॅटिक फाइली वाटायचं काम आता जँगो करत नाही एवढाच त्याचा अर्थ, कलेक्टस्टॅटिक चालवून त्या एका जागी गोळा करायच्या आणि वेब सर्व्हरकडून द्यायच्या. मॅनेज डॉट पीवायला चेक ही कमांड डिप्लॉय पर्यायासोबत दिली की काय राहिलंय त्याची यादीच मिळते.

हे जमलं की स्वतःचा प्रोजेक्ट पुस्तकाच्या व्हर्जनवरून पुढच्या व्हर्जनवर न्या, एका वेळी एकच पायरी. त्याआधी दोन-चार टेस्ट लिहून ठेवा आणि त्या चालवताना पायथनला वॉर्निंग दाखवायला सांगा, पुढे काय काय बंद होणार आहे ते तिथेच छापून येतं. पुस्तकातला जो कोड जुना झाला असेल त्याच्या शेजारी समासात नवीन पद्धत आणि व्हर्जनचा आकडा पेन्सिलीने लिहा. माझ्या पुस्तकात लॉगआउटच्या पानावर ५.० असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे.